मादागास्करचे लेमूर

वैशाखाच्या उन्हांत लाल फुलांनीं डंवरणारा गुलमोहोर आणि बाराही महिने फुलणारी सदाफुली हीं आपल्या इतकीं अंगवळणीं पडलीं आहेत कीं, तीं परदेशचीं आहेत असें सांगितल्यास पुष्कळांस खरें वाटत नाहीं. मुंबईच्या बागांतून मोठ्या पंख्यासारखीं पानें पसरून उभें राहणारें 'प्रवासी ताड' नांवाचें झाडही वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. या तिहींचें माहेर एकच : आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत पसरलेलें मादागास्कर बेट. या बेटाचें क्षेत्रफळ सुमारें ५,८७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्र राज्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. जगांत अन्यत्र कोठेंही न आढळणाऱ्या प्राण्यांचें व वनस्पतींचें तें आगर आहे. त्यांपैकीं लेमूर या प्राण्याविषयीं येथें कांहीं माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण गुलमोहोराप्रमाणें लेमूर कांहीं परक्याच्या अंगणांत येऊन रुजत नाहीं, आणि ज्या अरण्यांवर त्याचें जीवित अवलंबून आहे तीं अरण्यें दिवसेंदिवस आटत चाललीं आहेत.

लेमूर म्हणजे एका जातीचें माकडच ना, असा प्रश्न वर्गांत हटकून निघतो. त्याचें उत्तर 'नव्हे' असेंच द्यावें लागतें. मनुष्य, वानर, माकड व लेमूर हे सारे प्राणिशास्त्रांत ज्यास नरवानर गण म्हणतात त्या एकाच गणांत मोडतात हें खरें. वस्तु धरतां येईल असे हात, बोटांवर चपटीं नखें, या खुणा बहुतेकांत समान आहेत. परंतु लेमूरांची शाखा या वंशवृक्षाच्या खोडापासून फार पूर्वीं, माकडें निर्माण होण्याच्याही अगोदर, फुटून निघाली. माकडाचें नाक कोरडें असतें. लेमूराचें नाक कुत्र्याच्या नाकासारखें ओलें असतें. माकड जगाची ओळख मुख्यत्वें डोळ्यांनीं करून घेतें, तर लेमूर ती पुष्कळ अंशीं नाकानें करून घेतो. त्याच्या खालच्या जबड्यांतील पुढचे दांत आडवे व एकमेकांस लागून असे बसलेले असतात कीं, त्यांची एक फणीच बनते. तिनें तो आपले व आपल्या आप्तांचे केस विंचरतो. पायाच्या दुसऱ्या बोटावर चपट्या नखाऐवजीं एक लांब नखी असते, तीही याच कामीं येते. रात्रीं हिंडणाऱ्या जातींच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा एक थर असतो, त्यामुळें त्यांच्यावर उजेड पडतांच ते मांजराच्या डोळ्यांप्रमाणें चमकतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शेपटीचा जो लेमूर चित्रांतून सर्वांच्या ओळखीचा झाला आहे, त्याच्या नरांचें भांडण तर पाहण्यासारखें असतें. मनगटावरील ग्रंथींचा उग्र दर्प ते आपल्या शेपटीस चोळतात आणि समोरासमोर उभे राहून त्या शेपट्या एकमेकांकडे हालवितात. ज्यास तो दर्प सोसवत नाहीं तो माघार घेतो. मनुष्यांचीं भांडणें इतक्यावर मिटतीं तर किती बरें झालें असतें!

'लेमूर' हें नांव स्वीडन देशाचा प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनीअस यानें दिलें. प्राचीन रोमन लोक रात्रीं भटकणाऱ्या मृतांच्या आत्म्यांस 'लेमुरेस' म्हणत. रात्रीं हळूहळू चालणारे, कांहींसे माणसासारखे दिसणारे हे प्राणी पाहून लिनीअसला तें नांव सुचलें. यांत गंमत अशी कीं, १७५८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें लेमूर या एकाच नांवाखालीं मादागास्करचा पट्टेदार शेपटीचा प्राणी आणि दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील लोरिस या दोघांसही घातलें. लोरिस म्हणजे तमिळ लोकांचा 'तेवांगु' व कानडी लोकांचा 'काडुपाप' : काडीसारखे हातपाय, बशीएवढे वाटणारे डोळे, आणि शेपटीचा पत्ता नाहीं. आज लोरिसास लेमूर म्हणत नाहींत. पण तो लेमूरांचा दूरचा भाऊबंद आहे हें मात्र कायम आहे.

या भाऊबंदकीमुळेंच एकदां एक आख्खें खंड कल्पनेंत निर्माण झालें. लेमूर मादागास्करांत, त्यांचे भाऊबंद हिंदुस्थानांत, आणि मध्यें एवढा महासागर. हे पोहत गेले काय? इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यानें १८६४ सालीं असें सुचविलें कीं, या दोन भूमींस जोडणारें एक खंड पूर्वीं असावें व तें पुढें समुद्रांत बुडालें असावें. त्यास त्यानें 'लेमूरिया' हें नांव दिलें. ही कल्पना लोकांस इतकी आवडली कीं, शास्त्रानें टाकून दिल्यावरही ती अनेक पुस्तकांतून भटकत राहिली. खंड बुडालें नव्हतें. भूमीच सरकली होती. मादागास्कर व हिंदुस्थान एके काळीं एकमेकांस चिकटून होते आणि सुमारें ८ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वीं ते विलग झाले. कोंकणच्या किनाऱ्यानें खालीं कर्नाटकांत गेल्यास उडुपीजवळ माल्पेसमोर सेंट मेरी नांवाचीं लहान बेटें लागतात. तेथील खांबांसारखे उभे असलेले दगड या ताटातुटीच्या वेळच्या ज्वालामुखींतून निघाले. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्यानंतर दोन कोटींहून अधिक वर्षांनीं वाहून आला.

मग लेमूर मादागास्करांत गेले तरी कसे? त्यांचे पूर्वज तेथें सुमारें पांच ते सहा कोटि वर्षांपूर्वीं पोहोंचले असें मानतात, आणि तेव्हां तर हिंदुस्थान दूर निघून गेला होता. आफ्रिका व मादागास्कर यांच्यामधील समुद्र जेथें अरुंद आहे तेथेंही सुमारें ४०० किलोमीटर आहे. महापुरांत नदीकांठचीं झाडें मुळांसकट उपटून त्यांचे तराफे समुद्रांत वाहत जातात. अशाच एखाद्या तराफ्यावर थोडे लहानसे प्राणी अडकून पडले व वाहत गेले असावेत. आजचे समुद्रप्रवाह या प्रवासास प्रतिकूल आहेत, म्हणून पुष्कळ वर्षें या मतावर आक्षेप घेतला जाई. परंतु २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या गणितावरून असें दिसून आलें कीं, त्या प्राचीन काळीं मादागास्कर अधिक दक्षिणेस होतें आणि तेथील प्रवाह पूर्वेकडे वाहत. त्या मूठभर पाहुण्यांपासून शंभरांहून अधिक जाती उत्पन्न झाल्या. त्यांतील सर्वांत लहान जो मूषक-लेमूर तो केवळ ३० ग्रॅम वजनाचा, म्हणजे घरांतल्या उंदराएवढा. आणि आज जिवंत असलेल्यांत सर्वांत मोठा जो इंद्री त्याचें वजन सहा ते साडेनऊ किलोपर्यंत भरतें.

हे पाहुणे ज्या घरीं उतरले तें घर बाहेरून भरलेलें दिसत असलें तरी आंतून ओढगस्तीचें होतें. पूर्वेकडील डोंगरउतारावर दाट पर्जन्यारण्य, पश्चिमेस आठ-आठ महिने पाऊस न पाहणारें पानगळीचें रान, दक्षिणेस काटेरी वन. पाऊस लहरी, वरचेवर वादळें, आणि फळें येतीं तीं कधीं येतील याचा नेम नाहीं. शिवाय तेथील फळांत शरीर बांधणारें नत्र इतर देशांतील रानफळांच्या मानानें कमी असतें, असें २०१७ सालच्या एका तुलनेंत आढळून आलें. अशा घरीं जो काटकसरीनें राहील तोच टिकेल. लेमूराच्या बहुतेक चमत्कारिक वाटणाऱ्या संवयी या काटकसरींतून निघाल्या असाव्यात, असें आमचें मत आहे.

पश्चिमेकडील जाड शेपटीच्या लहान लेमूराचें उदाहरण घ्या. पावसाळ्यांत तो भरपूर खातो व शेपटींत चरबी सांठवितो. कोरडा ऋतु सुरू झाला कीं झाडाच्या ढोलींत शिरतो आणि सात महिन्यांपर्यंत झोपून राहतो; त्या अवधींत शेपटींतील शिदोरीवर त्याचा निर्वाह होतो. अस्वलें वगैरे थंड देशांतील प्राणी हिवाळाभर झोंप घेतात हें सर्वांस ठाऊक होतें. पण उष्ण कटिबंधांत, आणि तेंही आपल्याच गणांतला प्राणी असें करतो, हें २००४ सालीं काथ्रिन डाउसमान या जर्मन विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध करून दाखविलें तेव्हां जगास आश्चर्य वाटलें. या झोंपेंत शरीराची उष्णता राखण्याचा खर्चही तो करीत नाहीं. ढोल तापली कीं तो तापतो, ढोल निवली कीं तो निवतो; एका दिवसांत त्याच्या अंगाच्या उष्णतेंत जवळजवळ २० अंशांची चढउतार होऊं शकते. आपल्यास दोनतीन अंशांचा ताप आला तर वैद्यास बोलवावें लागतें.

संततीच्या बाबतींतही हाच हिशेब. पट्टेदार शेपटीच्या मादीचा समागमकाल वर्षांतून एखाद्या दिवसाचा, कित्येकदां कांहीं तासांचाच असतो. पिलें कोरड्या ऋतूच्या अखेरीस जन्मतात, म्हणजे तीं आईचें दूध सोडूं लागतात तेव्हां पाऊस सुरू होऊन कोंवळी पालवी व फळें मिळूं लागतात. हें घड्याळ दिवसाच्या लांबीवर चालतें. या प्राण्यांस यूरोपांतील प्राणिसंग्रहालयांत नेलें असतां त्यांचा हंगाम सहा महिन्यांनीं सरकतो, कारण तेथील ऋतु उलटे आहेत.

याहून विशेष म्हणजे बहुतेक लेमूरांत सत्ता मादीची असते. अमेरिकन विदुषी ॲलिसन जॉली हिनें १९६३ सालीं दक्षिणेकडील बेरेंटी येथील रानांत या प्राण्यांचा अभ्यास आरंभिला व १९६६ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मादी पुढें आली कीं नर हातांतलें फळ सोडून बाजूस होतो, आणि न झाल्यास कानफटींत खातो, असें तिनें लिहिलें तेव्हां शास्त्रज्ञांस तें पचविणें जड गेलें. माकडांचे सर्व नियम नरांवरून बसविलेले होते. याचें कारण काय, याविषयीं मतभेद आहेत. जेथें अन्न थोडें आहे तेथें पोटांत वा पाठीवर पिलूं वागविणारीनें आधीं खावें, नाहीं तर कुळच बुडेल, ही उपपत्ति आम्हांस सयुक्तिक वाटते. आपल्या घरांतून आई सर्वांच्या मागून, उरेल तें जेवते. लेमूरांत निदान इतका तरी विचार आहे.

काटकसर म्हणजे दुसरे टाकतात तें खाणेंही होय. १९८६ सालीं पूर्वेकडील रानोमाफाना येथील अरण्यांत पॅट्रिशिया राइट व बर्नहार्ड मायर यांस सोनेरी रंगाचा एक लेमूर दिसला. १९८७ सालीं त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. तो बांबूचे कोंब खातो, आणि त्या कोंबांत सायनाइड नांवाचें जहाल विष असतें. त्याच्या वजनाच्या प्राण्यास जितकें विष मारक व्हावें त्याच्या सुमारें बारापट तो रोज पचवितो. कसें पचवितो हें कोडें अजून पुरतें सुटलेलें नाहीं. आय-आय नांवाच्या निशाचर लेमूराची रीत आणखी निराळी. बेटावर सुतारपक्षी नाहींत. तें काम यानें पत्करिलें आहे. आपल्या काटकीसारख्या सडपातळ मधल्या बोटानें तो खोडावर टकटक करतो, आंत पोकळी व अळी कोठें आहे तें मोठ्या कानांनीं ऐकतो, उंदरासारख्या सतत वाढणाऱ्या दांतांनीं लांकूड कुरतडतो आणि तेंच बोट आंत घालून अळी ओढून काढतो. त्याचे दांत पाहून आरंभीच्या शास्त्रज्ञांनीं त्यास खारींत जमा केलें होतें, यांत नवल नाहीं.

अरण्य लेमूरास पोसतें, पण लेमूरही अरण्यास पेरतो. आरंभीं सांगितलेला प्रवासी ताड घ्या. हा वस्तुतः ताड नव्हे, केळीच्या दूरच्या नात्यांतलें झाड आहे. त्याचें फूल चिवट आवरणांत बंद असतें व तें उघडण्यास बळकट हात लागतो. मानेभोंवतीं केसांची झालर असलेला काळापांढरा लेमूर तें आवरण फांकून आंतील मध चाटतो. त्याच्या तोंडास व झालरीस पराग चिकटतात आणि तो दुसऱ्या फुलाकडे जातो. फुलांमध्यें पराग पोंचविणारा एवढा मोठा प्राणी क्वचितच आढळेल. हाच लेमूर फळें सबंध गिळतो व बिया दूर जाऊन टाकतो. मादागास्करांत मोठीं फळें खाणारे पक्षी फार थोडे असल्यामुळें मोठ्या बियांच्या झाडांस लेमूरांवांचून दुसरा वाहक नाहीं.

आणि येथेंच चिंतेचा विषय सुरू होतो. मनुष्यवस्ती या बेटावर कायमची झाल्यापासून, म्हणजे गेल्या सुमारें दोन हजार वर्षांत, लेमूरांच्या निदान सतरा जाती नष्ट झाल्या. त्यांत एक गोरिलाएवढा होता. कांहीं झाडास उलटे लोंबकळत चालत. मोठे तेवढे आधीं गेले, कारण मोठ्या प्राण्याची वीण मंद असते व त्याचें मांसही पुष्कळ निघतें. त्यांच्या गिळण्याजोग्या बिया असणारीं कांहीं झाडें आज उभीं आहेत, पण त्यांचा पेरणारा गेला. ज्या काटकसरीनें लेमूरांस कोट्यवधि वर्षें तारलें तीच आतां त्यांच्या आड येत आहे. इंद्रीची मादी सातव्या ते नवव्या वर्षीं वयांत येते व दोन-तीन वर्षांनीं एकदां एकच पिलूं देते. अशा कुळांतील एक मादी मारली गेली तर ती उणीव भरून येण्यास किती काळ लागेल याचा हिशेब विद्यार्थ्यांनींच करावा. २०२० सालीं निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघानें केलेल्या गणनेंत १०७ जातींपैकीं १०३ संकटांत व त्यांतील ३३ अगदीं विनाशाच्या उंबरठ्यावर असल्याचें नमूद आहे.

दोष कोणाचा? १९५३ ते २०१४ या काळांत बेटाचें सुमारें ४४ टक्के नैसर्गिक अरण्य नाहींसें झालें. पूर्वेकडील शेतकरी रान तोडतो, जाळतो, त्या राखेंत भात पेरतो आणि दोन-तीन पिकांनीं जमीन थकली कीं पुढें सरकतो. या रीतीस तेथें 'तावी' म्हणतात; आपल्याकडील कुमरीची शेती याच जातीची. लोक थोडे व रान अफाट होतें तोंवर जळलेली जागा पुन्हां भरून येई. आतां ती भरण्याच्या आधींच तिच्यावर दुसऱ्यांदा विस्तव पडतो. पश्चिमेस कोळशासाठीं व मका, भुईमूग यांसाठीं रान जळतें. हा मनुष्य दुष्ट नाहीं. त्याची चूल त्या दिवशीं पेटली पाहिजे एवढेंच त्याचें म्हणणें आहे. २००९ सालच्या राजकीय गोंधळानंतर उत्तरेकडील मासोआला व मारोजेजी येथील राखीव रानांत शिरून मूल्यवान शिसवी लांकूड तोडणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. तें लांकूड गरिबाच्या चुलींत गेलें नाहीं. तें जहाजांत गेलें.

कायद्याच्या आधीं तेथें एक दुसरें रक्षण होतें. मलागासी लोकांत 'फादी' म्हणून निषेध असतात : अमुक खाऊं नये, अमुक ठिकाणीं कुऱ्हाड लावूं नये. आपल्या देवराईंतून काटकी न उचलण्याचा जो दंडक असे तशीच ही गोष्ट. बेत्सिमिसारका लोक इंद्रीस 'बाबाकोटो' म्हणतात, त्यास पूर्वज मानतात, व त्यास मारणें फादी समजतात. त्यांतील 'बाबा' या शब्दाचा अर्थ मराठींतल्यासारखाच बाप असा आहे. सकाळीं या इंद्रींचें कुटुंब मिळून गातें. तो आवाज दोन किलोमीटरांवर ऐकूं जातो, आणि त्यांत मनुष्याच्या संगीतांतल्यासारखें ठरीव लयीचें प्रमाण असल्याचें २०२१ सालीं मोजमाप करून दाखविण्यांत आलें. हा प्राणी पिंजऱ्यांत जगत नाहीं. म्हणजे रान गेलें तर तें गाणें कोठेंच उरणार नाहीं. परंतु फादी ही दुधारी वस्तु आहे. कित्येक गांवीं आय-आय दिसणें हा मृत्यूचा अपशकुन समजतात आणि त्या निरुपद्रवी प्राण्यास पाहतांच ठार करतात. शिवाय दुष्काळानें घर सोडून आलेल्या परगांवच्या लोकांस तेथील फादी बंधनकारक वाटत नाहीं.

सरकारी प्रयत्न जुनेच आहेत. फ्रेंच अमदानींत १९२७ सालीं दहा अरण्यें राखून ठेविलीं गेलीं. रानोमाफानाचें राष्ट्रीय उद्यान १९९१ सालीं झालें. २००३ सालीं अध्यक्ष रावालोमानाना यांनीं राखीव क्षेत्र १७ लक्ष हेक्टरांवरून ६० लक्षांवर नेण्याचें जाहीर केलें. पूर्वेकडील पर्जन्यारण्यें २००७ सालीं जागतिक वारशांत आलीं, लांकूडतोडीमुळें २०१० सालीं धोक्याच्या यादींत गेलीं, व २०२५ सालीं त्या यादींतून निघालीं. तरीही आम्हांस अधिक भरंवसा वाटतो तो लहान कामांचा. अंबालावावो गांवाजवळ अंजा येथें गांवकऱ्यांनीं स्वतः मंडळी स्थापून पट्टेदार लेमूरांचें एक छोटेसें रान राखिलें आहे. पाहुण्यांकडून येणारा पैसा गांवाच्या उपयोगीं लागतो, आणि त्यांच्या मंडळीस २०१२ सालीं 'इक्वेटर पारितोषिक' मिळालें. ॲलिसन जॉलीबाईंनीं उत्तर वयांत मलागासी मुलांसाठीं लेमूरांच्या गोष्टींचीं सचित्र पुस्तकें लिहिलीं. मलागासी मजकूर हांतानिरिना रासामिमानाना या तेथील विदुषीनें सिद्ध केला. ज्या मुलांच्या शाळेंतील पुस्तकांत यूरोपांतील प्राणी असत त्यांस आपल्या रानांतला प्राणी पुस्तकांत दिसला, हें आम्हां शिक्षकांच्या दृष्टीनें थोडें नव्हे.

पूर्वेकडील कियांजावातो येथें याहूनही साधा उपाय चालू आहे. झालरीच्या लेमूरांच्या विष्ठेंतून पडलेल्या बिया लोक वेंचून आणतात. लेमूराच्या पोटांतून गेलेलें बीं चांगलें रुजतें. रोपवाटिकेंत त्यांचीं रोपें करून गांवकरी तीं उजाड टेकड्यांवर व रानाच्या तुटलेल्या तुकड्यांच्या मध्यें लावितात, आणि त्या कामाचा त्यांस मोबदला मिळतो. झालरीचा लेमूर सहसा भुईवर उतरत नाहीं. या रोपांच्या फांद्या एकमेकींस भिडून त्याला पलीकडच्या रानांत जातां येईपर्यंत कित्येक वर्षें जावीं लागतात, आणि तोंवर रोपांभोंवतींचें गवत काढण्याचें व वणव्यापासून तीं राखण्याचें काम त्या गांवकऱ्यांकडेच आहे.